मृदू प्रवाळाची मोठी वसाहत जगते, पण तिचे लहान काप वारंवार का विरघळतात?

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारी मोजकीच घरे आहेत आणि त्या घरांतून एक तक्रार दरवर्षी नव्याने ऐकू येते. टाकीत मृदू प्रवाळाची एक मोठी वसाहत छान फुललेली असते, तिचे पाच-सहा काप काढून दगडांवर बसवले जातात, पहिले तीन-चार दिवस सारे ठीक दिसते आणि मग आठवडा उलटेपर्यंत एकेक काप करडा पडतो, बुळबुळीत होतो आणि विरघळून जातो. मूळ वसाहत मात्र त्याच पाण्यात, त्याच दिव्याखाली, काही झालेच नाही अशी उभी असते. मग पाणी तपासले जाते, मिठाचा डबा बदलला जातो, दिवा वर-खाली केला जातो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच घडते.

जुळे सोलापुरातील माझ्या घरी २०० लिटरची टाकी आहे आणि तिच्यात लेदर कोरल म्हणून ओळखला जाणारा सार्कोफायटॉन, बोटांसारख्या फांद्यांचा सिन्युलारिया, केनिया ट्री आणि झेनिया असे चार प्रकार आहेत. वरील प्रकार माझ्याकडे लागोपाठ तीन वेळा घडला. तिसऱ्या खेपेला मी प्रत्येक कापाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली होती आणि केवळ त्यामुळेच कारण हाती लागले. सार्कोफायटॉनच्या एकाच टोपीतून, म्हणजे देठावरच्या छत्रीसारख्या भागातून, काढलेल्या नऊ कापांपैकी दोन जगले आणि ते दोन्ही सर्वांत मोठे होते. त्यांपैकी एक दिव्याच्या थेट खाली होता, तर दुसरा कोपऱ्यात, म्हणजे जागेमुळे ते वाचले असे म्हणता येत नव्हते. नऊ कापांची नोंद हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु त्यानंतर मी कापाचा आकार बदलला, बाकी काहीही बदलले नाही, आणि तक्रार थांबली. म्हणून ज्यांचे काप वारंवार मरत आहेत त्यांना माझे पहिले सांगणे असे की, टेस्ट किट उघडण्याआधी मोजपट्टी काढावी.

आधी खात्री करा: काप मरतो आहे की कात टाकतो आहे?

निम्मी धावपळ येथेच वाचते. सार्कोफायटॉन अधूनमधून आपले सारे पॉलिप, म्हणजे वसाहत ज्यांची बनते ते फुलांसारखे दिसणारे छोटे जीव, आत ओढून घेतो, त्याचा पृष्ठभाग मेणचट आणि चकचकीत होतो, आणि काही दिवसांनी त्यावरील पातळ पापुद्रा सुटून प्रवाहाबरोबर निघून जातो. या पापुद्र्याबरोबर त्यावर बसलेले शेवाळ आणि गाळही जातो, त्यामुळे ही त्याची स्वतःला स्वच्छ करण्याची रीत आहे. हे तीन दिवसांत आटोपते, कधी दोन आठवडेही चालते, आणि कापल्यानंतर तर हमखास घडते. या काळात काप हाताला घट्ट लागतो आणि त्याला वास येत नाही.

मरणाऱ्या कापाची लक्षणे वेगळी असतात. कडा तपकिरी आणि लिबलिबीत होतात, पांढुरके कापसासारखे आवरण दिसू लागते, आणि काप पाण्याबाहेर काढताच कुजल्याचा उग्र वास येतो. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये टाकीचेच पाणी घेऊन कापावर हळुवार फवारा मारून पाहावा. कात टाकणाऱ्या कापावरून फक्त पापुद्रा हलतो. मरणाऱ्या कापाचा मात्र मांसल भागच चिंध्यांसारखा सुटून येतो. पहिल्या प्रकारात प्रवाह थोडा वाढवावा आणि बाकी काहीही करू नये. पुढील सर्व मजकूर दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

आकारामुळे नेमके काय बदलते

सार्कोफायटॉनच्या टोपीची जाडी १ सेंटिमीटर धरू आणि तिच्यातून चौकोनी काप काढू. बाजू ३ सेंटिमीटर असेल तर पॉलिप असलेला वरचा पृष्ठभाग ९ चौरस सेंटिमीटर मिळतो आणि चारही कडांची मिळून उघडी जखम १२ चौरस सेंटिमीटर होते. बाजू १ सेंटिमीटर केली की पॉलिपांचा पृष्ठभाग १ चौरस सेंटिमीटर उरतो, पण जखम ४ चौरस सेंटिमीटर असते. आणि अनेक जण काढतात तसा अर्ध्या सेंटिमीटरचा काप घेतला तर पॉलिपांचा पृष्ठभाग फक्त पाव चौरस सेंटिमीटर, तर जखम २ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर एक चौरस सेंटिमीटर कमावत्या पृष्ठभागामागे मोठ्या कापाला सव्वा-दीड चौरस सेंटिमीटर जखम भरून काढायची असते, मधल्याला चार आणि लहानग्याला आठ. पाणी तेच, दिवा तोच, सुरीही तीच. पण लहान कापाच्या डोक्यावरचा भार सहापट असतो. खालच्या बाजूची जखम यात मी धरलेलीच नाही.

आता हा भार कशाच्या बळावर उचलला जातो ते पाहू. मृदू प्रवाळांना कठीण प्रवाळांसारखा दगडी सांगाडा नसतो. त्यांच्या मांसल भागात चुन्याचे सूक्ष्म काटे विखुरलेले असतात आणि बाकी सारा डौल आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभा असतो. आठ पिसासारख्या शुंडकांचे जे पॉलिप आपल्याला दिसतात ते एकमेकांपासून सुटे नसतात. सूक्ष्म नलिकांच्या जाळ्याने ते जोडलेले असतात आणि एकाने मिळवलेले अन्न त्या जाळ्यातून दुसरीकडे पोहोचते. सार्कोफायटॉनमध्ये तर कामाची वाटणीच आहे: मोठे पॉलिप अन्न पकडतात, आणि त्यांच्यामध्ये ठिपक्यांसारखे दिसणारे बारीक पॉलिप वसाहतीत पाणी खेळवतात. काप मोठा असला की कडेला जखम भरत असताना मध्यावरचे पॉलिप उघडे राहून कमाई चालू ठेवतात आणि ती कमाई नलिकांतून कडेपर्यंत जाते. काप अगदी लहान असला की त्याला मध्य असा उरतच नाही. तो म्हणजे चारही बाजूंनी कडच.

हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. तीन सेंटिमीटरचा काप कापल्यावर काही मिनिटांतच त्याच्या कडा आतल्या बाजूला वळतात आणि तो पापडासारखा वाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडा मिटलेल्याच असतात, पण मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पॉलिपांची टोके हळूहळू वर येताना दिसतात. अर्ध्या सेंटिमीटरचा काप तशाच कडा वळवतो, पण त्या वळलेल्या कडा मध्यावर येऊन एकमेकींना भिडतात आणि त्याची बंद गोळी होते. पॉलिप उघडत नाहीत. ऊतक आकसलेले असल्याने त्यात राहणाऱ्या सहजीवी शैवालांना प्रकाश पुरेसा मिळत नाही. शैवालांकडून येणारी साखर घटते. आणि जखम भरायला लागणारी ऊर्जा अंगातल्या साठ्यातून काढावी लागते. तो साठा लहान कापात मुळातच बेताचा असतो.

जागेचाही एक मुद्दा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. दगडाच्या पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक संथ थर असतो. तीन-चार सेंटिमीटर उंच उभा असलेला काप या थराच्या वर डोके काढतो, तर लहान काप त्यातच पडून राहतो. त्याच्यावर गाळ बसतो, केसाळ शेवाळ त्याला वेढते, आणि गोगलगाय त्याच्या अंगावरून गेली तरी तो जागेवरून निखळतो. माझा एक काप तर शंखातल्या खेकड्याने रात्रीतून ओढत वाळूत नेला होता.

निसर्गात हेच घडते का?

बहुतांशी होय. टेरेन्स ह्यूज आणि जेरेमी जॅक्सन यांनी १९८० मध्ये जमैकाच्या समुद्रातील पानांसारख्या कठीण प्रवाळांबाबत दाखवून दिले की, लहान वसाहत संकटातून एक तर पूर्ण सुटते किंवा पूर्ण मरते, पण मोठ्या वसाहतीचा एखादा भाग मरतो आणि बाकीची जगत राहते. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे: प्रवाळ तुटतो, आकसतो, पुन्हा जुळतो, त्यामुळे आकारावरून त्याचे वय सांगता येत नाही, आणि त्याच्या भवितव्याविषयी वयापेक्षा आकार अधिक सांगतो. मृदू प्रवाळ तर आकसण्यात कठीण प्रवाळांपेक्षा कितीतरी तयार असतात, कारण त्यांना सांगाडा आवरायचा नसतो. उपासमारीत किंवा उष्णतेत मोठी वसाहत आपले अंग कमी करून दिवस काढते. लहान कापाकडे कमी करायला अंगच नसते.

वाढीचे गणित मात्र उलट्या दिशेने जाते. पृष्ठभाग लांबीच्या वर्गाने वाढतो आणि वजन घनाने, म्हणून वसाहत जसजशी मोठी होते तसतसे तिच्या पृष्ठभागावरील पॉलिपांना पोटातला आणि देठातला अधिकाधिक भाग पोसावा लागतो, आणि टक्केवारीत मोजलेली वाढ मंदावते. म्हणूनच जगलेला लहान काप मोठ्या वसाहतीपेक्षा झपाट्याने वाढल्यासारखा वाटतो आणि ते पाहून आपण आणखी लहान काप काढायला लागतो. फसगत येथेच होते, कारण जे लहान काप मेले ते वाढ मोजायला उरलेले नसतात.

मुळात हे प्राणी सावकाश वाढणारे आहेत. कॅथरिना फॅब्रिशियस यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील सिन्युलारिया आणि सार्कोफायटॉन यांचा जो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या दोन्ही वंशांमध्ये जुन्या वसाहती जाऊन नव्या येण्याचा वेग अतिशय संथ असल्याचे दिसले. तांबड्या समुद्रातील सार्कोफायटॉन ग्लॉकमवर बेनायाहू आणि लोया यांचे १९८६ मधील काम आहे. तेथे या जातीत नर आणि मादी वसाहती वेगळ्या असतात, वर्षातून एकदाच थोड्या दिवसांत बीजांड-शुक्राणू सोडले जातात, आणि प्रजननक्षम व्हायला वसाहतीला अनेक वर्षे लागतात. बाजारात मृदू प्रवाळ सोपा म्हणून विकला जातो. त्याला सांभाळणे सोपे आहे हे खरे; पण त्याला घाई करता येत नाही.

आकाराच्या या नियमाला एक सुंदर अपवाद आहे आणि त्यातून आपल्या कामाचे काही शिकता येते. डेन्ड्रोनेफ्थिया हेम्प्रिची हा तांबड्या समुद्रातील मृदू प्रवाळ स्वतःहून अगदी बारीक, मोजक्या पॉलिपांचे तुकडे गळू देतो, आणि ते तुकडे दोन दिवसांच्या आत मुळांसारखे धागे काढून नव्या जागी चिकटतात, असे १९९७ मध्ये दाहान आणि बेनायाहू यांनी नोंदवले आहे. इतका लहान तुकडा कसा जगतो? कारण तो सुरीने तोडलेला नसतो. सुटण्याची तयारी वसाहतीनेच केलेली असते, त्यामुळे त्याला उघड्या जखमेचा भार घेऊन नवे आयुष्य सुरू करावे लागत नाही. आपल्या टाकीतल्या केनिया ट्रीच्या फांद्या तळाशी बारीक होऊन आपोआप गळतात आणि कुठेही रुजतात, ते अशाच कारणाने. तेव्हा केनिया ट्रीचा एक सेंटिमीटरचा गळलेला तुकडा जगला म्हणून सार्कोफायटॉनचा एक सेंटिमीटरचा कापलेला तुकडा जगेल, असे मानू नये. (डेन्ड्रोनेफ्थिया मात्र टाकीत आणू नये. त्याच्यात सहजीवी शैवाल नसते, त्याला सतत सूक्ष्म खाद्य लागते, आणि घरच्या टाकीत तो उपाशी मरतो.)

सांगोल्याचे डाळिंब उत्पादक गुटी कलम बांधताना पेन्सिलीच्या जाडीची, पक्व फांदी निवडतात. काडीसारख्या कोवळ्या फांदीतूनही मुळे फुटू शकतात, पण असे रोप पुढे तग धरील याचा भरवसा नसतो. आपल्या जिल्ह्यात ही समज शेताच्या बांधावर आहे. ती टाकीपर्यंत आणायला हवी.

आकार मोजायचा कसा

मृदू प्रवाळ पाण्याने फुगतो, म्हणून दुपारी ६ सेंटिमीटरचा दिसणारा काप पहाटे ४ सेंटिमीटरचा असू शकतो. दुपारचे माप घेऊन काप लहान केला की तो प्रत्यक्षात आपल्या कल्पनेपेक्षाही लहान निघतो. माझ्या पहिल्या दोन खेपांमधली चूक हीच होती, असे आता वाटते. माप नेहमी दिवा लागण्यापूर्वी, वसाहत मिटलेली असताना घ्यावे. देठ असलेल्या प्रकारांत देठाच्या तळाचा घेर मोजणे अधिक भरवशाचे, कारण तो टोपीइतका फुगत-आकसत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच अंतरावरून, मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे. वजन करण्याच्या फंदात पडू नये. अंगातले पाणी प्रत्येक वेळी वेगळे असते आणि बाहेर काढण्याचा त्रास विनाकारण होतो.

सोलापूरची हवा आणि पाणी लहान कापाला का जड जाते

येथून समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर दूर आहे, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते. यांतील कोणतीही गोष्ट मोठ्या वसाहतीला एका फटक्यात मारत नाही, आणि त्यामुळेच आपल्याला वाटते की पाण्यात काही दोष नाही. दोष असतो, मोठी वसाहत तो पचवते आणि ताजी जखम असलेला लहान काप पचवू शकत नाही. माझी तिसरी खेप एप्रिलमध्ये होती. एका दुपारी चार तास वीज गेली आणि टाकी साडेएकतीस अंशांवर गेली. सार्कोफायटॉनची मोठी टोपी दोन दिवस मिटून राहिली. सात काप त्याच आठवड्यात गेले.

तापमान २४ ते २७ अंशांत ठेवावे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा येथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगले काम करतो: एक लिटर पाण्याची वाफ होताना २०० लिटरच्या टाकीला सुमारे ३ अंशांनी थंड करण्याइतकी उष्णता निघून जाते. पण त्याची किंमत क्षारतेत मोजावी लागते. २०० लिटरमधून दिवसाला ५ लिटर पाणी उडाले तर दर हजारी ३५ असलेली क्षारता पहिल्या दिवशी ३५.९ होते आणि तीन दिवस भर घातली नाही तर ३७.८. सकाळ-संध्याकाळ गोडे पाणी घालून पातळी कायम ठेवावी, किंवा आपोआप भर घालणारे यंत्र बसवावे. खारे पाणी भर म्हणून कधीही घालू नये. वीज गेल्यावर गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला असतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उन्हाळ्यात टाकीशेजारी तयार ठेवावा.

भरीच्या पाण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. नळाचे पाणी लांबले की आपण बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरतो आणि घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्रावर विसंबतो. या यंत्रांपैकी अनेकांत चव सुधारण्यासाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळले जाते, आणि काहींत तर तांबे सोडणारी कांडी असते. माणसाला ते चालते. प्रवाळ, गोगलगाई आणि कोळंबी यांना तांबे विषासमान आहे, आणि रोजच्या भरीबरोबर ते टाकीत साठत जाते. अशी कांडी असेल तर ते पाणी टाकीला वापरू नये. आरओच्या पुढे, उरलेले क्षार शोषून घेणारे डीआय रेझिन असलेली वेगळी जोडणी घ्यावी आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो की नाही ते दर वेळी पाहावे. बोअरच्या जड पाण्यावर रेझिन फार लवकर संपते.

बाकीच्या आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही. कार्बोनेट कठीणता ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, पीएच ८.१ ते ८.४ यांत टाकी असेल तर काप त्या कारणाने मरत नाहीत. नायट्रेट शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये. मृदू प्रवाळांना लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट मानवते.

पुढच्या खेपेला काप असा काढा

हंगाम निवडता येत असेल तर मार्च ते जून टाळावा. पावसाळा सरल्यावर, साधारण दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत सुरक्षित, कारण त्या दिवसांत तापमान स्वतःहून आटोक्यात असते.

सार्कोफायटॉनचा काप मिटलेल्या अवस्थेत मोजून ३ ते ५ सेंटिमीटरचा असावा. अडीचच्या खाली मी आता कधीच जात नाही. टोपीची कड आणि मध्य दोन्ही मिळतील असा, पिझ्झाच्या फोडीसारखा त्रिकोणी काप घेतल्यास एक बाजू न कापलेली राहते आणि जखम तेवढी कमी होते. सिन्युलारियाची फांदी फाट्यासकट, किमान ४ सेंटिमीटर घ्यावी. झेनियाचा एकटा पॉलिप कधीही कापू नये. खालच्या सामाईक बुंध्याचा तुकडा आणि त्यावरचे पॉलिप असे एकत्र घ्यावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे वसाहतीशेजारी रिकामा दगड ठेवून ती स्वतः त्यावर पसरेपर्यंत थांबावे. एका वेळी मूळ वसाहतीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. सार्कोफायटॉनची टोपी पूर्ण काढली तरी उरलेल्या देठातून नवी टोपी येते हे खरे आहे, परंतु देठावर पॉलिप नसतात, आणि नवे येईपर्यंत तो देठ केवळ साठ्यावर जगतो. असे धाडस जाड, जुन्या देठावरच करावे.

कापण्यासाठी नवे ब्लेड वापरावे. बोथट कात्रीने ऊतक चिरडले जाते आणि चिरडलेली कड कुजायला लागते. हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. झोआन्थिड टाकीत असतील तर ही खबरदारी सक्तीची समजावी. ते मृदू प्रवाळ नव्हेत, पण दुकानात त्यांच्याच रांगेत मिळतात, आणि त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. काप टाकीच्या पाण्याच्या वेगळ्या भांड्यात काढावा आणि तेथेच पंधरा-वीस मिनिटे चिकट स्राव सोडू द्यावा, मग दुसऱ्या भांड्यात खळबळून टाकीत न्यावा. ते पहिले पाणी टाकीत ओतू नये. सार्कोफायटॉन आणि सिन्युलारिया यांच्या स्रावात शेजाऱ्यांना दूर ठेवणारी टर्पीनवर्गीय रसायने असतात, म्हणून कापल्यानंतर आठवडाभर टाकीत ताजा सक्रिय कोळसा ठेवावा.

बसवताना सुपरग्लूवर भिस्त ठेवू नये, कारण स्रावामुळे तो दुसऱ्या दिवशीच सुटतो. कापाच्या तळातून लाकडी टूथपिक आरपार घालावी आणि तिची दोन्ही टोके दगडाला सैल रबराने बांधावी, किंवा एका वाडग्यात दगडाचे बारीक खडे पसरून त्यावर काप ठेवावा आणि वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून बांधावा. रबर घट्ट बांधल्यास ते ऊतक कापत आत जाते आणि आपणच दुसरी जखम करतो. दोन-तीन आठवड्यांत काप स्वतः धरतो. तोवर जागा मध्यम उजेडाची आणि अशी असावी की पॉलिप एकाच दिशेला दाबले न जाता डोलत राहतील.

मोठा काप म्हणजे नेहमीच चांगला, असेही नाही. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने प्रवाळ मागवताना मोठा काप छोट्या पिशवीत आला तर त्याचाच स्राव त्या मोजक्या पाण्याला नासवतो, आणि सकाळी सोलापूरच्या ‘सात रस्ता’ चौकात हातात पडते ती दुधाळ पाण्याची पिशवी. मागवताना मध्यम काप, भरपूर पाणी, प्राणवायू भरलेली पिशवी आणि थर्माकोलचा डबा, असेच सांगावे. विक्रेत्याने कठीण प्रवाळ किंवा समुद्रपंखा देऊ केला तर तो घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे. आणि कोकणच्या किनाऱ्यावरून कोणताही जिवंत प्रवाळ खणून आणण्याचा विचारही मनात आणू नये.

आत्ता या क्षणी काप कुजत असेल तर

अडीच सेंटिमीटरहून मोठा काप एका बाजूने कुजत असेल तर तो वाचू शकतो. कुजलेल्या भागाच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे, घट्ट आणि निरोगी ऊतकातून स्वच्छ छेद घ्यावा, कुजका भाग फेकून द्यावा, उरलेला भाग स्वच्छ खाऱ्या पाण्यात हलवून चांगल्या प्रवाहात ठेवावा. मात्र छेदानंतर दीड-दोन सेंटिमीटरहून कमी शिल्लक राहणार असेल तर पुन्हा कापू नये, कारण वरचेच गणित पुन्हा लागू होते. असा काप कुजू लागताच बाहेर काढावा. लहान टाकीत त्याचे सडणे इतरांच्या अंगाशी येते.

मूळ वसाहतही मिटली असेल आणि आठवड्यानंतरही कात टाकल्याचे दिसत नसेल तर प्रश्न आकाराचा नाही. तेव्हा तापमान, क्षारता आणि भरीच्या पाण्यातले तांबे या क्रमाने तपासावे, आणि ते निस्तरेपर्यंत ब्लेडला हात लावू नये. वसाहत फुललेली आणि काप मेलेले, असेच चित्र असेल तर पुढच्या वेळी दोनच काप काढावेत, दोन्ही ४ सेंटिमीटरचे. पहाटे मापून, तारखेसह छायाचित्र घ्यावे आणि एकविसाव्या दिवशी रबर सोडून पाहावे. बोटाच्या हलक्या धक्क्याने काप दगडावरून सरकला नाही, तर तो लागला.